तेरेकच्या काठावरची भाऊबंदकी

इ.स. १२६२च्या नोव्हेंबर महिन्यात दोनशेहून अधिक मंगोल स्वार बायकामुलांसह कैरोला येऊन पोहोचले. सीरियातल्या टेहळ्यांनी त्यांची खबर आधीच दिली होती आणि ती ऐकून सुलतान बैबर्स सावध झाला होता. इराणातल्या मंगोलांचा प्रमुख हुलागू याच्या मोठ्या स्वारीची ही आघाडी तर नसेल? दोनच वर्षांपूर्वी, ३ सप्टेंबर १२६० रोजी, पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतच्या मैदानावर इजिप्तच्या मामलुकांनी मंगोलांना धूळ चारली होती. त्याचा सूड घ्यायला हुलागू कधी ना कधी येणार, याबद्दल कैरोत कोणाला शंका नव्हती. पण आलेले हे लोक लढायला आलेच नव्हते. ते आश्रय मागत होते, आणि ज्या तलवारीपासून ते पळाले होते ती मंगोलांचीच होती.

बैबर्सने त्यांच्यासाठी शहराबाहेर अल-लूक भागात घरे बांधवली. मानाचे पोशाख दिले, घोडे दिले, त्यांच्या नायकांना आपल्या फौजेत हुद्दे दिले. आलेल्यांनी इस्लाम स्वीकारला. हे लोक मुळात बर्केखानाच्या पदरचे. व्होल्गाकाठच्या त्यांच्या धन्यांनी त्यांना हुलागूच्या मोहिमेसाठी इराणात धाडले होते. आता दोन घराण्यांत वैर पेटले होते, तेव्हा माघारी या, ते जमले नाही तर इजिप्त गाठा, असा बर्केचा निरोप त्यांना होता. चंगीझखानाचे दोन नातू एकमेकांवर उठले आहेत, हे बैबर्सला आता प्रत्यक्ष त्यांच्याच माणसांच्या तोंडून तपशिलासह ऐकायला मिळाले.

या वैराची गोष्ट सहसा अशी सांगतात: हुलागूने १२५८मध्ये बगदाद लुटले, अब्बासी खलिफाला ठार मारले, बर्के मुसलमान होता, त्याला हे सहन झाले नाही, म्हणून धर्मासाठी त्याने चुलतभावावर शस्त्र धरले. अरबी बखरकारांना ही मांडणी साहजिकच आवडली. मला मात्र त्या काळातली कागदपत्रे वाचताना वाटत आले आहे की, या घराची फूट वाटणीवरून पडली. ती इस्लाम त्या घरात शिरण्याच्या आधीची आहे. धर्म उशिरा आला. पण आल्यावर त्याने एक असे काम केले, जे वाटणीच्या भांडणाला कधीच जमले नसते. त्याने घरातल्या भांडणाला घराबाहेरचे सोबती मिळवून दिले.

मूळ शोधायचे तर बोर्तेपाशी जावे लागते. तेमुजीन, म्हणजे पुढचा चंगीझखान, तेव्हा कोवळा तरुण होता. मेर्किट टोळीने छापा घालून त्याच्या या नव्या नवरीला पळवून नेले. काही महिन्यांनी त्याने तिला सोडवून आणले आणि लवकरच तिला पहिला मुलगा झाला. त्याचे नाव जोची. तेमुजीनने त्याला नेहमी आपलाच मुलगा मानले, पण कुजबुज थांबली नाही. १२१९मध्ये ख्वारिझमवर स्वारीला निघण्याआधी वारसाचा विषय निघाला, तेव्हा दुसऱ्या मुलाने, चगताईने, भर सभेत जोचीला मेर्किटांचे बीज म्हटले. दोघे एकमेकांच्या गळपटीला धरून उभे राहिले. मंगोलांच्या स्वतःच्या गुप्त इतिहासात हा प्रसंग आहे, आणि राजघराण्याने आपल्याच ग्रंथात तो लिहून ठेवावा यावरून ती जखम किती उघडी होती ते कळते. तोडगा म्हणून तिसरा मुलगा, सौम्य स्वभावाचा आणि मद्यप्रिय ओगदेई, वारस ठरला.

वाटणीची मंगोल रीत अशी की, थोरल्याने घरापासून सर्वांत दूर जायचे आणि शेंडेफळाने चूल सांभाळायची. त्याप्रमाणे जोचीला पश्चिम मिळाली, मंगोल घोड्यांच्या टापा जिथवर पोहोचतील तिथवर. चगताईला मध्य आशिया मिळाला. धाकट्या तोलुईकडे मूळ मुलूख राहिला आणि त्यासोबत फौजेचा मोठा हिस्सा. इतिहासकार रशीदुद्दीनच्या हिशेबाने १ लाख २९ हजारांपैकी १ लाख १ हजार. साम्राज्य मात्र फाडून वाटलेले नव्हते. कुठलाही प्रांत जिंकला तरी त्याच्या लुटीत, करात, कारागिरांत चारही शाखांचा हिस्सा असे. मोठे निर्णय कुरुलताईत, म्हणजे सगळ्या भावकीच्या सभेत, थोरल्याधाकट्यांच्या विचाराने व्हायचे. मुलूख वाढत होता तोवर ही व्यवस्था चालली. शेती सामाईक आणि घरे वेगळी झालेल्या कुटुंबात बांधावरून जे होते, तेच होण्याची सोय मात्र तिच्यात पहिल्या दिवसापासून होती. ‘घोड्यांच्या टापा पोहोचतील तिथवर’ ही हद्द नकाशावर नेमकी कुठे संपते, हे कोणीच ठरवलेले नव्हते.

जोची १२२७मध्ये वारला, चंगीझखान त्यानंतर काही महिन्यांनी. ओगदेई १२२९मध्ये गादीवर आला आणि १२४१च्या डिसेंबरात गेला. मधल्या काळात रशिया आणि हंगेरीवरची मोठी मोहीम झाली. तिचा म्होरक्या जोचीचा मुलगा बातू. त्या मोहिमेतल्या एका मेजवानीत ओगदेईचा मुलगा गुयुक आणि चगताईचा नातू बुरी यांनी बातूला भरल्या बैठकीत हिणवले. त्याने आपल्याआधी पेला उचलला, एवढेच निमित्त. पुढे गुयुक खाकान, म्हणजे सर्व मंगोलांचा प्रमुख, झाला आणि १२४८मध्ये मोठी फौज घेऊन पश्चिमेकडे निघाला. तो बातूवरच चालून येतो आहे, असा गुप्त इशारा बातूला एका बाईने पाठवला. ती तोलुईची विधवा, सोरघाग्तानी बेकी. गुयुक वाटेतच मेला. बातूने ते उपकार फेडले. स्वतःची थोरली शाखा सत्तेच्या स्पर्धेबाहेर ठेवून त्याने आपले सगळे वजन सोरघाग्तानीच्या थोरल्या मुलाच्या, मोंगकेच्या, पारड्यात टाकले. १२५१च्या कुरुलताईत फौज घेऊन मोंगकेला गादीवर बसवायला बातूने ज्या भावाला पाठवले, तो बर्के.

त्या राज्यारोहणाने ओगदेई आणि चगताई या दोन शाखा जवळजवळ कापल्या गेल्या. हरवलेले जनावर शोधायला गेलेल्या एका बाजदाराला वाटेत मोडलेली गाडी दिसली. ती सावरायला हात लावला, तर गाडीत शस्त्रे! ओगदेईचे नातू अभीष्टचिंतनाच्या निमित्ताने घात करायला येत होते, असा निष्कर्ष निघाला. रशीदुद्दीन ७७ सरदारांना मारल्याचे सांगतो. गुयुकच्या विधवेला नमद्यात गुंडाळून नदीत सोडण्यात आले. मेजवानीत तोंड सोडणाऱ्या बुरीला बातूच्या हवाली केले गेले आणि बातूने त्याचा शिरच्छेद करवला. हे सगळे सख्खे-चुलत नातेवाईक होते, आणि त्या कत्तलीत धर्माचा संबंध कुठेही नव्हता.

मग धर्म होता कुठे? घरोघर होता, आणि निरनिराळा. सोरघाग्तानी ही केराइत टोळीची, नेस्तोरियन ख्रिस्ती. तिच्या चार मुलांपैकी मोंगके जुन्या आकाशदैवताला, तेंग्रीला, मानणारा, कुबलाई बौद्धांकडे झुकलेला. हुलागूची पट्टराणी दोकुझ खातून केराइतच, आणि तिच्या छावणीसोबत तंबूतले चर्च चालायचे. बातूचा मुलगा सर्ताक ख्रिस्ती समजला जाई, तर भाऊ बर्के मुसलमान. १२५४मध्ये राजधानी काराकोरमला आलेल्या विल्यम रुब्रुक या फ्रान्सिस्कन साधूने तिथे ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध यांचा जाहीर वादविवाद पाहिला, त्यात भागही घेतला. मोंगकेने त्याला समजावले की, हाताला जशी वेगवेगळी बोटे तसे माणसांना देवाने वेगवेगळे मार्ग दिले आहेत. हे उदारमतवादी तत्त्वज्ञान आहे, असे मी म्हणणार नाही. सगळ्या देवांच्या पुजाऱ्यांनी खानासाठी प्रार्थना करावी आणि बदल्यात करमाफी घ्यावी, असा तो व्यवहार होता. पण त्या व्यवहारात माणसे सुखाने नांदत होती, हेही खरे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा बुखाऱ्यात आहे. सोरघाग्तानीने स्वतः ख्रिस्ती असून तिथे मदरसा बांधायला १००० चांदीच्या लगडी दिल्या, आणि त्या दानाचा कारभार सूफी शेख सैफुद्दीन बाखर्झी यांच्याकडे सोपवला. बर्केने इस्लामची दीक्षा घेतली असे सांगतात ती याच बाखर्झींच्या हातून. म्हणजे बगदाद जाळणाऱ्या हुलागूच्या आईने ज्याला मदरसा सांभाळायला दिला, तोच बर्केचा गुरू. हे दोन भाऊ धर्मामुळे जन्मतः वैरी होते, असे मानणाऱ्याने या गोष्टीजवळ थोडा वेळ थांबावे.

बर्केच्या मुसलमान असण्याबद्दल रुब्रुकने १२५३मधल्या प्रवासाच्या वर्णनातच लिहिले आहे. त्याच्या छावणीत डुकराचे मांस खाऊ देत नाहीत, अशी त्याची नोंद. पण त्याच्या पुढची नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. बर्केची कुरणे पूर्वी दर्बंदच्या खिंडीकडे होती, इराण आणि तुर्कस्तानातून बातूकडे जाणारे मुसलमान वकील त्याच वाटेने जात आणि जाता जाता बर्केलाही नजराणे देत; म्हणून बातूने त्याला तिथून उठवून व्होल्गाच्या पूर्वेला पाठवले. काकेशसची वाट म्हणजे काय चीज होती, ते या एका हालचालीतून कळते. सख्ख्या भावालाही तिथे बसू द्यायला बातू तयार नव्हता.

बातू १२५५च्या सुमारास गेला. सर्ताक वर्षभरही टिकला नाही, पाठोपाठ आलेला पोरसवदा उलाघ्चीही गेला, आणि १२५७मध्ये बर्के जोचीच्या घराण्याचा प्रमुख झाला. सर्ताकच्या मृत्यूची एक गोष्ट थेट दिल्लीत लिहिली गेली आहे. काझी मिन्हाज-इ-सिराज जुझजानी हा सुलतान नासिरुद्दीनच्या आश्रयाने ‘तबकात-इ-नासिरी’ लिहीत होता, ती त्याने १२६०मध्ये पुरी केली. तो सांगतो की, मुसलमानाचे तोंड पाहणे अशुभ म्हणून सर्ताकने बर्केची भेट नाकारली, बर्केने रात्रंदिवस प्रार्थना केली आणि सर्ताक मेला. मंगोलांच्या तडाख्यातून जीव वाचवून हिंदुस्थानात आलेल्या माणसाने ही कथा किती आशेने लिहिली असेल! जग जाळणाऱ्या त्या घरात आपला एक माणूस आहे, हा दिलासा त्याला हवा होता. इतिहास म्हणून ती तशीच्या तशी घेता येत नाही.

आता हुलागूकडे. मोंगकेने त्याला १२५३मध्ये पश्चिमेला धाडले. १२५६मध्ये त्याने अलामूतचा इस्माइली गड घेतला आणि १२५८च्या फेब्रुवारीत बगदाद. खलीफा मुस्तसिमला गालिच्यात गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली तुडवल्याचे सांगतात; राजरक्त जमिनीवर सांडू नये ही मंगोलांची जुनी समजूत. शहरातल्या ख्रिस्त्यांना दोकुझ खातूनमुळे अभय मिळाले. पण बगदादच्या वेढ्यात जोची घराण्याचे राजपुत्रही आपापल्या तुकड्या घेऊन सामील होते. बलाघाई, तुतार आणि कुली ही त्यांची नावे. बर्केचे पुतणे-नातू लागणारी ही माणसे शहर पडेपर्यंत लढली आणि बर्केने त्यांना माघारी बोलावले नाही. खलिफाच्या हत्येनंतर युद्ध सुरू व्हायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत जे घडले त्यातच भांडणाचे खरे कारण आहे.

एक तर ते तिन्ही राजपुत्र मेले. बलाघाईला मेजवानीत अचानक मरण आले. तुतारवर हुलागूविरुद्ध जादूटोणा केल्याचा आरोप ठेवला गेला. यासाच्या, म्हणजे चंगीझखानी कायद्याच्या, रीतीने त्याला निवाड्यासाठी बर्केकडे पाठवले. बर्केने तो गुन्हेगार असल्याचे मान्य करून परत धाडले आणि १२६०च्या फेब्रुवारीत हुलागूने त्याला मारले. मग कुलीही गेला. विषप्रयोगाचा संशय जोची घराण्यात पसरला आणि त्यांच्या तुकड्या जीव घेऊन पळाल्या. काही खुरासानातून गझनीकडे गेल्या, काही दर्बंदकडे, आणि काही शेवटी कैरोला.

दुसरे, हुलागूने अझरबैजानात मुक्काम ठोकला. मराघा ही त्याची राजधानी, तिथेच १२५९मध्ये नसीरुद्दीन तूसीची प्रसिद्ध वेधशाळा उभी राहू लागली. हिवाळ्याला मुघानच्या सखल मैदानाची आणि अर्रानची कुरणे. मंगोल स्वार आपल्यासोबत पाच-पाच घोडे बाळगायचा, त्यामुळे गवत हीच त्या फौजेची रसद. काकेशसच्या दक्षिणेला इतके गवत दुसरीकडे नव्हते. सीरियातून बहुतेक फौज मागे का घेतली, हे हुलागूने पुढे फ्रान्सच्या राजाला कळवताना चाऱ्याची टंचाई हेच कारण दिले आहे. ही कुरणे आणि तब्रीझचे कारखाने जोचीच्या वंशजांना आपल्या वाटणीतले वाटत. त्यांच्या घोड्यांच्या टापा तिथे आधी पोहोचल्या होत्या. हुलागू पाहुणा म्हणून आला आणि मालक होऊन बसला, अशी त्यांची भावना होती. जिंकलेल्या मुलखातला जोची घराण्याचा ठरलेला हिस्साही थांबला.

रशीदुद्दीनने बर्केची तक्रार नोंदवली आहे आणि तो स्वतः हुलागूच्या वंशजांचा वजीर असल्यामुळे तिला विशेष किंमत आहे. तिचा आशय असा: हुलागूने मुसलमानांची शहरे उद्ध्वस्त केली, मित्र-शत्रू न पाहता मुसलमान राजघराणी बुडवली, आणि थोरल्याधाकट्या भावांना न विचारता खलिफाचा नाश केला. यातली ‘भावांना न विचारता’ ही बाब माझ्या मते सगळ्यात जड आहे. बर्के हा वयाने आणि शाखेने थोरला. तो हुलागूला दटावणीचे निरोप पाठवत राहिला, आणि हुलागूने एक दिवस ठरवले की, थोरला असला तरी धमक्या देणाऱ्याची आता मुर्वत ठेवायची नाही.

हे भांडण मोंगके असता तर मिटले असते. तो १२५९च्या ऑगस्टमध्ये सिचुआनमधल्या दियाओयू गडाच्या मोहिमेत वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या दोन भावांनी दोन कुरुलताया भरवल्या. कुबलाई काइपिंगला खाकान झाला, धाकटा अरिक बोके काराकोरमला. हुलागूने कुबलाईचा पक्ष घेतला, बर्केने अरिक बोकेचा, आणि बोल्गार शहरात अरिक बोकेच्या नावाची नाणी पाडली. कुबलाईने चीनमधून काराकोरमला जाणारे धान्य तोडले. अरिक बोकेने चगताईच्या मुलखातून रसद आणायला अल्घू नावाच्या राजपुत्राला पाठवले, तर त्यानेच तो मुलूख बळकावून कर आपल्या खिशात टाकला. निवाडा करणारा वडीलधारा उरला नाही.

१२६२मध्ये बर्केचा पुतण-नातू नोगाई दर्बंदची खिंड ओलांडून दक्षिणेला उतरला. हुलागूच्या फौजेने त्याला मागे रेटले आणि हुलागूचा मुलगा अबाका पाठलाग करत काकेशसच्या उत्तरेला तेरेक नदीपर्यंत गेला. नदी गोठलेली. पलीकडे शत्रूची छावणी उभी आणि पुरुष पळून गेलेले. अबाकाच्या लोकांनी तंबूंत शिरून तीन दिवस खाणेपिणे केले. मग जानेवारी १२६३मध्ये बर्केची मुख्य फौज कोसळली. हुलागूचे सैन्य माघारी पळताना तेरेकवरचा बर्फ फुटला आणि असंख्य स्वार घोड्यांसह पाण्यात गेले. रणांगण पाहायला आलेला बर्के म्हणाला की, मंगोलांना मंगोलांच्याच तलवारी मारताहेत, आपण एकत्र राहिलो असतो तर सगळे जग जिंकले असते. हे अरबी इतिहासकारांनी सांगितलेले आहे. तो हे खरेच बोलला का, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण मुसलमान इतिहासकाराने बर्केच्या तोंडी खलिफाचा सूड न घालता भावकीचे दुःख घातले, याची मला दखल घ्यावीशी वाटते.

तब्रीझला परतल्यावर हुलागूने तिथे असलेल्या बर्केच्या व्यापाऱ्यांना ठार मारून त्यांचा माल जप्त केला. बर्केने आपल्याकडच्या हुलागूच्या व्यापाऱ्यांचे तेच केले. चीनपासून काळ्या समुद्रापर्यंत एका शिक्क्यावर माल जायचा, ते दिवस या दोन हुकमांनी संपले.

धर्म आपले काम इथे करू लागला. बैबर्सने १२६१पासूनच बर्केला पत्रे पाठवायला सुरुवात केली होती: तू मुसलमान आहेस, काफिराशी लढणे तुझे कर्तव्य आहे, मग तो नातलग का असेना. बर्केचे वकील १२६३मध्ये कैरोला आले. बैबर्सने कैरोत नव्याने स्थापलेल्या अब्बासी खलिफाची त्यांच्याशी भेट घडवली. मक्का, मदिना आणि जेरुसलेमच्या खुतब्यात सुलतानाच्या नावापाठोपाठ बर्केचे नाव घेतले जाऊ लागले. चंगीझखानाच्या नातवासाठी मक्केत दुआ! पाच वर्षांपूर्वी ज्या घराने खिलाफत संपवली त्याच घरातला हा माणूस. हुलागूही गप्प बसला नव्हता. त्याने १२६२मध्येच फ्रान्सच्या नवव्या लुईला पत्र पाठवून इजिप्तविरुद्ध जहाजे मागितली.

या मैत्रीमागे एक अगदी रोकडा व्यवहारही होता. मामलुक म्हणजे लष्करी गुलाम, आणि त्यांच्या फौजेत भरती व्हायची ती काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या किपचाक मुलांची. बैबर्स स्वतः तसाच विकला गेलेला किपचाक. ती सगळी भूमी आता बर्केच्या ताब्यात. क्रिमियाच्या बंदरांतून जिनोआच्या व्यापाऱ्यांची गलबते ही मुले घेऊन बॉस्फरसमार्गे इजिप्तला जात. वाटेवरचा कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आठवा मिखाईल दोन्ही मंगोलांना खूश ठेवू पाहत होता. त्याने इजिप्तचे वकील जिराफ-हत्तींसारख्या नजराण्यांसह अडकवून ठेवले. तेव्हा नोगाईने थ्रेसवर धाड घातली आणि वाट मोकळी झाली. हुलागूच्या वंशजांना पुढची साठ वर्षे सीरिया कायमचा घेता आला नाही, कारण त्यांच्यासमोर लढणारी फौज त्यांच्याच चुलतभावांच्या मुलखातून भरती होत होती.

सलोख्याची एक संधी तरीही आली होती. १२६४मध्ये अरिक बोके उपाशी फौज घेऊन कुबलाईला शरण आला. त्याचे काय करायचे यासाठी कुबलाईने हुलागू, बर्के आणि अल्घू या तिघांना विचारले, आणि मोठी कुरुलताई भरवायचे ठरले. तिघांनीही येण्याचे कबूल केले. त्यानंतर हुलागू फेब्रुवारी १२६५मध्ये मराघ्याजवळ वारला. अल्घू गेला. अबाकावर स्वारी करायला निघालेल्या बर्केला कुरा नदी ओलांडायची होती, पण अबाकाने पूल तोडून काठाने तटबंदी उभारली होती; वरच्या अंगाला तिफ्लिसकडे उतार शोधत असताना बर्केही मेला. अरिक बोके १२६६मध्ये कैदेत संपला. ती कुरुलताई भरलीच नाही, आणि सगळ्या शाखांची पुन्हा कधीच भरली नाही.

पुढची कहाणी याच रेषेवर चालते. ओगदेईचा नातू काईदू याने १२६९मध्ये तलासच्या काठी चगताई आणि जोची शाखांशी करार करून मध्य आशियाचा महसूल वाटून घेतला. कुबलाईला कोणी विचारले नाही. तो १३०१पर्यंत कुबलाई आणि त्याच्या वारसांशी लढत राहिला. १२८७मध्ये मांचुरियात नायान नावाच्या ख्रिस्ती राजपुत्राने बंड केले. मार्को पोलोच्या सांगण्यानुसार त्याच्या निशाणावर क्रूस होता. कुबलाईने त्याला गालिच्यात गुंडाळूनच मारले, पण क्रूसाने काय मदत केली म्हणून ख्रिस्त्यांना चिडवणाऱ्यांना त्याने गप्प केले. याच कुबलाईने १२८०मध्ये हलाल पद्धतीने जनावर कापण्यावर बंदी घातली होती आणि व्यापारी येईनासे झाल्यावर काही वर्षांनी ती उठवली.

चगताईच्या वंशजांची स्थिती सर्वांत कोंडलेली. पूर्वेला कुबलाईचे राज्य, पश्चिमेला इराणचे इलखान, म्हणजे हुलागूचे वंशज, उत्तरेला जोचीचे वंशज. मोकळी दिशा एकच, हिंदुकुश ओलांडून दिल्लीची. दुवाखानाचा मुलगा कुतलुग ख्वाजा १२९९मध्ये दिल्लीजवळ किलीपर्यंत आला, १३०३मध्ये तरघीने दिल्लीला वेढा घातला. अलाउद्दीन खलजीने रोख पगाराची मोठी खडी फौज उभारली आणि तिला परवडावे म्हणून बाजारभाव बांधले, ते या धक्क्यानंतर. १३०६च्या सुमारास दुवा आणि काईदूचा मुलगा चापार आपसांत जुंपले, वायव्येचा दाब ओसरला, आणि ती फौज मलिक काफूरच्या हाताखाली १३०७मध्ये देवगिरीवर आली. रामचंद्रदेव यादवाला तलासच्या करारांची खबरही नसेल. तिथल्या भांडणाचे पडसाद मात्र त्याच्या दारात येऊन पोहोचले होते.

धर्म हेच फुटीचे कारण असते, तर १२९५नंतर ती सांधायला हवी होती. त्या वर्षी हुलागूचा पणतू गाझान याने इस्लाम स्वीकारला. तो बौद्ध म्हणून वाढलेला, खुरासानात त्याने स्वतः बौद्ध मंदिरे बांधवली होती. गादीसाठी चुलता बायदूशी झगडताना नवरूझ या मुसलमान सरदाराने त्याला पाठिंब्याच्या बदल्यात ही वाट दाखवली. गादी मिळाली, इराणातली बौद्ध मंदिरे पाडली गेली, ख्रिस्ती धर्मगुरूंना मारहाण झाली, आणि दोनच वर्षांत नवरूझचाही काटा निघाला. त्यानंतर गाझान काय करतो? १२९९च्या डिसेंबरात तो मुसलमान मामलुकांवरच चालून जातो आणि दमिश्क घेतो. तिथला विद्वान इब्न तैमिया हे लोक शरियत सोडून यासाने चालतात म्हणून त्यांच्याशी लढणे धर्म्य आहे, असा फतवा देतो.

चगताई शाखेत तर धर्माने घराचे दोन भागच केले. तर्माशिरीन मुसलमान झाला, १३३३मध्ये इब्न बतूता त्याच्या छावणीत राहून गेला. पूर्वेकडच्या भटक्या सरदारांनी मात्र तो यासा मोडतो, आपल्या मुलखाकडे फिरकत नाही, असा दोष ठेवून त्याला १३३४मध्ये पदच्युत केले. तो मारला गेला. थोड्याच वर्षांत ते राज्य ट्रान्सऑक्सियाना आणि मुघलिस्तान असे दुभंगले. इथे धर्म कारण होता, हे मी मान्य करतो. पण शहरी कर खाणारे पश्चिमेकडचे आणि गवतावर जगणारे पूर्वेकडचे यांचे हितसंबंध आधीच वेगळे पडले होते.

व्होल्गाकाठी उझबेकखान १३१३मध्ये गादीवर आला आणि त्याने इस्लाम हा राज्याचा धर्म केला. इराणात अबू सईद मुसलमान, इजिप्तचा सुलतान नासिर मुसलमान. तिघांचा किब्ला एक. तरी उझबेक १३१९च्या सुमारास दर्बंदमार्गे अझरबैजानवर उतरला, बर्के उतरला होता त्याच वाटेने. त्याने १३२०मध्ये आपल्या घराण्यातली राजकन्या इजिप्तच्या सुलतानाला देऊन जुनी युती घट्ट करू पाहिली. सुलतानाने मात्र १३२३मध्ये अबू सईदशी तह केला आणि उझबेकला एकटे पाडले. ज्या युतीला बैबर्सने धर्माचे नाव दिले होते, ती धर्म सगळीकडे एक झाल्यावर विरून गेली. अझरबैजानचा दावा तेवढा उरला.

अबू सईद १३३५मध्ये निपुत्रिक वारला आणि हुलागूचे राज्य सरदारांनी वाटून घेतले. तब्रीझ चोबानी घराण्याच्या मलिक अश्रफकडे गेले. त्याच्या जुलमाला कंटाळलेले लोक उत्तरेकडे पळून गेले आणि त्यांनी उझबेकचा मुलगा जानीबेग याला बोलावले. १३५७मध्ये जानीबेगने अश्रफला मारून तब्रीझ घेतले. बर्केने मागितलेला हिस्सा जोचीच्या घराण्याला ९५ वर्षांनी मिळाला होता. आपला मुलगा बर्दीबेग याला तिथे ठेवून जानीबेग परतला आणि त्याच वर्षी मेला. बर्दीबेग तब्रीझ सोडून घाईने व्होल्गाकाठच्या राजधानीला, सरायला, धावला, गादीवर बसला, दावेदार ठरू शकतील अशा आप्तांना त्याने मारून टाकले, आणि १३५९मध्ये स्वतः मारला गेला. बातूचा वंश त्याच्याबरोबर संपला. पुढच्या वीस वर्षांत सरायच्या गादीवर वीसहून अधिक खान येऊन गेले.